जुनी एक्स-प्लेन किट: सात-आठ महिन्यांच्या जोडकामानंतर

एक्स-प्लेन म्हणजे अमेरिकेची प्रायोगिक विमानं; त्यांची प्लास्टिकची छोटी मॉडेलं घरी जोडायची किट मिळतात. डब्यावरच्या चित्रावर जाऊ नका, हे आधीच सांगते. चित्रात विमान ढग फाडत निघालेलं असतं. डबा उघडला की आत वाकलेल्या स्प्रूंवर (भाग धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटींवर) मोजके भाग, पिवळी पडलेली डेकलं (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) आणि घड्यांवर फाटायला आलेला सूचनांचा कागद. गेल्या हिवाळ्यापासून मी अशी तीन जुनी किट जोडली: डग्लस एक्स-३ स्टिलेटो, बेल एक्स-५ आणि ग्रुमन एक्स-२९. तिन्ही हातोहात फिरलेली. मी ओहायोत राहते, त्यामुळे डेटनचं अमेरिकी हवाई दलाचं संग्रहालय गाडीने जाऊन यायच्या अंतरावर आहे, आणि ही तिन्ही विमानं तिथे उभी आहेत. प्रवेश फुकट. अडलं की खऱ्या विमानासमोर जाऊन उभं राहायचं, अशी चैन होती.

सर्वात जास्त वेळ एक्स-३ने खाल्ला. माप १/४८, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसावा भाग; साचा पन्नासच्या दशकातल्या धाटणीचा. भाग कमी, तपशील त्याहून कमी. कॉकपिटमध्ये एक पुतळा आणि त्याला टेकायला फळी, बस्स. खऱ्या विमानात वैमानिकाची खुर्ची विजेवर खालून वर सरकत जायची आणि जिवावर बेतलं तर त्याला खालच्याच बाजूने बाहेर फेकायची. किटात यातलं काही नाही. रिवेट मोहरीएवढे. पंखावर हवाई दलाच्या चिन्हाचा तारा कुठे चिकटवायचा त्याची रेघसुद्धा प्लास्टिकवर उठवून ठेवलेली. त्या काळच्या शाळकरी पोरांना ती सोय असेल, आज ती घासून काढण्यात अख्खी संध्याकाळ जाते. पंखही फार जाड. खऱ्या पंखाची जाडी त्याच्या रुंदीच्या जेमतेम साडेचार टक्के होती, म्हणून पॉलिश पेपर ओला करून दोन्ही अंगांनी घासत बसले. इतकं करूनही कड हवी तेवढी धारदार झालेली नाही.

वर रंग पांढरा. पांढऱ्या चकचकीत रंगाखाली सांधा लपत नाही. पुट्टी, घासणं, करडा प्रायमर, उजेडात तिरकं धरून बघणं, पुन्हा पुट्टी. हे ज्यांना कंटाळवाणं वाटतं त्यांनी या विमानाच्या वाटेला जाऊ नये.

आणि तरीही मी हेच किट सर्वांत वर ठेवते, कारण त्याचा आकार चुकलेला नाही. खरं विमान २०.३ मीटर लांब आणि पंखांचा पसारा ६.९ मीटर. मॉडेलमध्ये ते साधारण ४२ सेंटिमीटरला १४ सेंटिमीटर होतं. हातात धरलं की सगळं वजन धडात आणि पंख नावापुरते, हे मनगटाला कळतं. २७ ऑक्टोबर १९५४ रोजी चाचणी वैमानिक जो वॉकरने या विमानाला झटक्यात डावीकडे लोळवलं, तर लोळण्याबरोबर नाक भलतीकडेच उसळलं आणि विमान आडवंही फिरू लागलं. लांब धडात साठलेल्या वस्तुमानाला आवरण्याइतकी ताकद त्या पंख-शेपटीत नव्हती. वॉकरने विमान सावरलं, ध्वनीच्या वेगापलीकडे जाऊन तोच प्रयोग पुन्हा केला आणि सुखरूप उतरला. त्याच महिन्यात एफ-१०० या लढाऊ विमानाच्या अशाच प्रकारच्या अपघातात चाचणी वैमानिक जॉर्ज वेल्श गेला होता, त्यामुळे या उड्डाणात नोंदवलेल्या आकड्यांची किंमत तेव्हा सगळ्यांना कळत होती. याबद्दल मी पूर्वी वाचलं होतं, पण उमगलं ते मॉडेल बोटांत फिरवताना. बाकी वेगाच्या बाबतीत एक्स-३ची फजितीच झाली. आखलं होतं मॅक २साठी, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी. ठरलेली जे४६ इंजिनं जमली नाहीत, कमी ताकदीच्या जे३४वर भागवावं लागलं, आणि सरळ उड्डाणात ध्वनीचा वेगही गाठता आला नाही; सूर मारला तरच तो ओलांडायचा. एकच विमान बनलं, तेच डेटनला आहे.

एक्स-५बद्दल थोडक्यात. उडता उडता पंखांचा कोन २० अंशांपासून ६० अंशांपर्यंत बदलणारं हे विमान १९५१ साली उडालं. माझ्या किटात पंख एकाच कोनात चिकटवायचे, म्हणजे विमानाची मूळ गंमतच गायब. जोडायला सोपं, बघायला गुबगुबीत. नवशिक्यांनी इथून सुरुवात करावी, पण जास्त पैसे मोजून नव्हे.

एक्स-२९चं किट बरंच अलीकडचं, १/७२चं. पंख पुढच्या दिशेला कललेले. खऱ्या विमानात कळीचा प्रश्न हाच होता की असा पंख हवेच्या दाबाने पिळवटतो. त्यावर उपाय म्हणून त्याच्या कंपोझिट (तंतू आणि राळ मिळून बनलेल्या) आवरणातले थर हिशोबाने आडवेतिरके लावले होते. माझ्या किटचा पंख डब्यातच पिळवटून आला. गरम पाण्यात धरून, हळूच उलटा पीळ देऊन सरळ केला. उकळत्या पाण्यात घालू नका, पातळ टोकं कायमची वाकतात. किटची चाकं अगदीच भोंगळ आहेत, पण इथे एक सोय आहे. खऱ्या विमानाचं नाक एफ-५ या लढाऊ विमानाचं आणि मागची चाकं एफ-१६ या दुसऱ्या लढाऊ विमानाची होती. त्यामुळे भंगाराच्या डब्यात १/७२च्या एफ-१६चे उरलेले भाग असतील तर ते बिनदिक्कत लावा, फसवणूक होत नाही. नाकात शिशाचे छर्रे मात्र आधीच भरा, नाहीतर विमान शेपटीवर बसतं.

डेकलं हा जुन्या किटांचा खरा छळ. पिवळा कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवला की बराच उजळतो, हे जमलं. पण पाण्यात टाकताच तुकडे होणं थांबवायचं तर आधी वरून पारदर्शक लॅकरचा पातळ फवारा मारावा लागतो, आणि मग प्रत्येक चिन्ह कडेने कापून घ्यावं लागतं. एखादं बिनमहत्त्वाचं अक्षर आधी भिजवून बघा.

सीलबंद डब्यासाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही. तो संग्राहकांचा खेळ. जोडायचं असेल तर उघडा डबा घ्या आणि विकणाऱ्याकडून सगळ्या भागांचा फोटो मागवा. माझ्या एक्स-५च्या कॉकपिटची काच तडकलेली निघाली, ती फोटोत दिसली असती.

आता शोध रायन एक्स-१३चा आहे. ते घेताना एकच गोष्ट बघा: सोबत ट्रेलर हवा. हे विमान शेपटीवर उभं उडायचं आणि परत येऊन नाकाखालच्या आकड्याने ट्रेलरवरच्या दोराला लटकायचं. ट्रेलर नसेल तर ते शेल्फवर धड उभंही करता येणार नाही.