लिनक्सचा सिग्नलएफडी: हँडलर गेला, सिग्नलच्या खोडी तशाच

सिग्नल म्हणजे चालू प्रोग्रामला (प्रोसेसला) काहीतरी घडल्याचं कळवणारी सूचना. नेहमीचा सिग्नल हँडलर म्हणजे चालू कोडात कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) मध्येच घुसवलेलं फंक्शन. प्रोसेस कर्नलमधून यूजर मोडमध्ये परतताना लिनक्स पेंडिंग सिग्नल तपासतो, रजिस्टर यूजर स्टॅकवर ठेवतो आणि प्रोसेसला हँडलरच्या पत्त्यावर सोडतो. हँडलर संपला की आरटी-सिगरिटर्न हा सिस्टिम कॉल जुनी स्थिती परत बसवतो. हे सगळं मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) चालू असताना घडलं आणि हँडलरनेही मॅलॉक किंवा प्रिंटएफ बोलावलं, तर लॉक आधीच घेतलेला असू शकतो. मग प्रोग्राम जागच्या जागी अडकतो.

2007 च्या 2.6.22 कर्नलपासून मिळणारा सिग्नलएफडी, म्हणजे सिग्नल फाइलसारखे वाचायला देणारा सिस्टिम कॉल, या दुखण्यावर चांगला उतारा आहे. सिगटर्म (बंद हो), सिगइंट (कंट्रोल-सी), सिगचाइल्ड (चाइल्ड प्रोसेस संपला) आधी सिगप्रॉकमास्कने ब्लॉक करायचे, म्हणजे रोखून धरायचे, मग तोच मास्क (सिग्नलची यादी) सिग्नलएफडीला देऊन मिळालेला डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) ईपोलमध्ये, म्हणजे अनेक डिस्क्रिप्टरवर एकदम नजर ठेवणाऱ्या यंत्रणेत, टाकायचा. प्रत्येक सिग्नलमागे 128 बाइटची नोंद वाचायला मिळते: नंबर, पाठवणाऱ्याचा पिड (प्रोसेसचा क्रमांक), यूआयडी (यूजरचा क्रमांक). ब्लॉक करायचं राहिलं तर सिगटर्म नेहमीसारखाच प्रोसेसला मारतो आणि डिस्क्रिप्टरवर काहीच येत नाही. थ्रेड असतील तर मास्क मेनमध्येच, पहिला थ्रेड सुरू होण्याआधी लावा.

खरा दगा वेगळाच. ब्लॉक केलेला मास्क फोर्क (प्रोसेसची नक्कल काढणं) आणि एक्झेक (तिच्यात नवा प्रोग्राम चढवणं) दोन्ही ओलांडून चाइल्ड प्रोसेसकडे जातो. मग तुमच्या सर्व्हरने सुरू केलेली स्क्रिप्ट साध्या किलला दाद देत नाही, मरते ती किल -9 सारख्या, ब्लॉक नसलेल्या सिग्नलने. संशय आला तर प्रॉकमधल्या त्या प्रोसेसच्या स्टेटस फाइलमध्ये सिगब्लॉकची (SigBlk) ओळ पाहा. शेवटी 4000 दिसलं तर सिगटर्म ब्लॉक आहे (15 वा सिग्नल, हेक्समध्ये 15 वा बिट). उपाय एकच: फोर्कनंतर, एक्झेकच्या आधी जुना मास्क परत लावायचा. ही जबाबदारी सर्वस्वी तुमची, आणि लायब्ररीने परस्पर फोर्क केला तर ती निभावणं कठीण. या परीक्षणात मी दोन तारे कापले ते इथेच.

1 ते 31 हे सिग्नल रांगेत साठत नाहीत. पाच चाइल्ड एकदम संपले तरी सिगचाइल्ड एकदाच येऊ शकतो, म्हणून वेटपिड (संपलेल्या चाइल्डची नोंद घेणारा कॉल) डब्ल्यूनोहँगसह, म्हणजे वाट न पाहता, लूपमध्ये, संपलेला कोणी उरत नाही तोपर्यंत चालवावाच लागतो. सिगसेगव्हीसाठी (मेमरीत चुकीच्या जागी हात घातल्याचा सिग्नल) मात्र सिग्नलएफडीचा मार्ग नाहीच: ब्लॉक असताना खरा फॉल्ट झाला, तर कर्नल त्या प्रोसेसला सरळ मारतो.

डेमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) नीट बंद करण्यापुरतं काम असेल तर सिग्नलएफडी जरूर वापरा. चाइल्डवर लक्ष ठेवायचं असेल आणि कर्नल 5.3 किंवा पुढचा असेल, तर पिडएफडी-ओपन घ्या. प्रत्येक चाइल्डचा स्वतंत्र डिस्क्रिप्टर मिळतो, त्यामुळे सिग्नल एकमेकांत मिसळायचा प्रश्नच येत नाही.