मुलांसमोर आधी सूर्यफूल ठेवावे की डाळिंब?

निसर्गातले गणित मुलांना दाखवायचे ठरवले की दोन वाटा समोर येतात. पहिली आकड्यांची. सूर्यफुलाच्या बियांचे किंवा अननसाच्या डोळ्यांचे फेरे मोजायचे आणि १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४ ही फिबोनाचीची मालिका, जिच्यात प्रत्येक आकडा मागच्या दोहोंची बेरीज असतो, त्यांत शोधायची. दुसरी आकारांची. वस्तू एकमेकींना खेटल्या, आकसल्या किंवा तडकल्या की कोणते कोन आणि किती बाजू तयार होतात, ते मधाच्या पोळ्यात, डाळिंबात आणि उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात पाहायचे. दोन्ही वाटा चालाव्यात हे तर खरेच, परंतु सुट्टी थोडी असते आणि सुरुवात कोठून करावी असे अनेक पालक विचारतात. माझ्या मुलीबरोबर आणि शेजारच्या चौथी ते सातवीतल्या मुलांबरोबर मी दोन्ही करून पाहिले आहे, त्या आधारावर हे लिहीत आहे.

आकड्यांच्या वाटेचे मोठे बळ असे की तिचा आनंद लगेच मिळतो. अननस हातात धरून एका अंगाच्या तिरप्या रांगा मोजाव्यात तर त्या बहुधा ८ भरतात, दुसऱ्या अंगाच्या १३, आणि हे दोन्ही आकडे मालिकेत शेजारी शेजारी बसलेले आहेत हे कळताच मुले पुन्हा मोजायला घेतात. या मालिकेला आपल्याकडचा इतिहासही आहे. फिबोनाची या इटालियन गणितज्ञाने सशांच्या जोड्या कशा वाढत जातात याचे कोडे १२०२ साली मांडले, पण आचार्य हेमचंद्रांनी सुमारे ११५० मध्ये, आणि त्यांच्याही आधी विरहांकाने, हेच आकडे छंदशास्त्रात दिले होते. लघू एक मात्रेचा आणि गुरू दोन मात्रांचा धरला, तर तीन मात्रा तीन प्रकारे भरता येतात, चार मात्रा पाच प्रकारे आणि पाच मात्रा आठ प्रकारे. छोट्या आणि लांब टाळ्या वाजवून मुले हे प्रकार स्वतः शोधून काढतात, आणि पुढचा आकडा मागच्या दोहोंची बेरीज का असतो हेही त्यांना सापडते, कारण शेवटची टाळी एक तर छोटी असते नाही तर लांब. ही मालिका शिकवण्याची सर्वांत चांगली जागा, माझ्या मते, हीच आहे.

फुलांमध्ये ती शोधताना मात्र मला एक गोष्ट खटकली, आणि ती पुन्हा पुन्हा खटकत राहिली. उत्तर आधीच ठाऊक असले की मूल मोजणे सोडून जुळवायला लागते. माझ्या मुलीने सूर्यफुलाच्या एका कणसावर पेनाने खुणा करत फेरे मोजले, ते ३३ भरले. तिने माझ्याकडे पाहिले, पहिल्या खुणेवर पुन्हा एकदा बोट ठेवले आणि वहीत ३४ लिहिले. तो एक फेरा मोजणीत निसटला असेल, किंवा त्या कणसात खरोखरच ३३ फेरे असतील. बहुतेक सूर्यफुले मालिका पाळतात, सगळी पाळत नाहीत. परंतु तपासण्याची गरजच तिला वाटली नाही. पाकळ्यांचेही तसेच झाले. सदाफुली, जास्वंद आणि कण्हेर यांनी पाच पाकळ्यांची हमी दिली, आणि मग एक्झोराचे चार पाकळ्यांचे फूल हाती आले तेव्हा मुलांनी ते खराब समजून बाजूला ठेवले. वास्तविक ते फूल अगदी निकोप होते. चार पाकळ्या हीच त्याची रीत आहे. जे दिसले ते सोडून जे अपेक्षित आहे ते लिहिण्याची सवय गणिताच्या ओळखीतच लागावी, हे मला मानवले नाही. शिवाय कारण सांगायला गेले तर तेही हाताने करून दाखवता येत नाही. कणसात प्रत्येक नवा अंकुर आधीच्या अंकुरापासून सुमारे १३७.५ अंश वळून, जिथे सर्वांत जास्त मोकळी जागा असेल तिथे येतो. हे कागदावर काढून समजावता येते, पण मुलांना ते मानून चालावे लागते.

आकारांच्या वाटेवर आपल्याकडे सामान फार जवळ आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरजवळच्या केगावात आहे, आणि आंबिया, मृग, हस्त असे तीन बहार असल्यामुळे फळ बाजारात जवळजवळ वर्षभर मिळते. ते सोलताना दाणे झटकून पाडू नयेत. पातळ पापुद्रा अलगद काढून दाण्यांचा एक पुंजका अखंड ठेवावा. मग एकेक दाणा सुटा करून त्याच्या अंगावरचे सपाट भाग मोजायला सांगावे. जिथे सपाटी आहे तिथे शेजारचा दाणा टेकलेला होता, आणि दोन सपाट्यांमधली धार म्हणजे तीन दाणे भेटण्याची जागा. जिथे बाहेर जागा उरली होती तिथे दाणा गोलच राहिलेला दिसतो. कोणाचे पाच सपाट भाग येतात, कोणाचे सहा किंवा सात, आणि कोणाचीही मोजणी चुकीची ठरत नाही. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांनी १६११ साली हिमकणांच्या सहा कोनांवर निबंध लिहिला, त्यात पोळ्याबरोबर डाळिंबाच्या दाण्यांचाही विचार केला आहे आणि दाटीमुळे दाण्यांना हा आकार येतो असेच कारण दिले आहे, हे मुलांना सांगितले तर त्यांना फार आवडते.

दुसरे सामान म्हणजे काळी माती. वैशाखात सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाचे पाणी मागे हटते तेव्हा काठच्या गाळाला भेगा पडतात, परंतु तेवढे लांब जाण्याचीही गरज नाही. काळ्या मातीचा रबरबीत चिखल दोन ताटांत, एकात पातळ आणि एकात जाड थर देऊन, गच्चीवर ठेवावा. आपले ऊन उरलेले काम करते. पातळ थराचे तुकडे लहान पडतात, जाड थराचे मोठे. नवी भेग जुन्या भेगेला बहुधा काटकोनात येऊन मिळते, कारण जुन्या भेगेने आपल्याला आडवा असलेला ताण आधीच मोकळा केलेला असतो आणि तिच्या लांबीच्या दिशेचा तेवढा उरतो. मुलांनी मधल्या तुकड्यांचे खरे कोपरे, म्हणजे जिथे तुकड्याची कड वळते तेवढेच, मोजून सरासरी काढली की ती चारच्या आसपास येते. पोळ्यात तीन भिंती १२० अंशांनी भेटतात, म्हणून तिथे सहा. एखादा तुकडा तीन कोपऱ्यांचा निघाला तर तो सरासरीत सामावतो, टाकून द्यावा लागत नाही, आणि सरासरी ही कल्पना पाचवीच्या मुलाला इतक्या सहज दुसरीकडे क्वचितच भेटते.

या वाटेच्या अडचणीही आहेत. तिच्यात टाळी मिळवणारा एक आकडा नसतो. कारणे मोठ्यांनी आधी नीट समजून घ्यावी लागतात, चिखल वाळेपर्यंत थांबावे लागते, आणि पहिली-दुसरीच्या मुलांना कोनांपेक्षा अननसाच्या रांगा निश्चितच जवळच्या वाटतील. आकड्यांची मुळातच ओढ असलेले मूल घरात असेल, तर सुरुवात सूर्यफुलाने करण्यात गैर काही नाही. इतरांनी, माझ्या अनुभवापुरते बोलायचे तर, डाळिंबापासून निघावे आणि भेगांवरून पुढे जावे. सूर्यफूल त्यानंतर आणावे, मालिकेचे नावही न काढता वेगवेगळ्या मुलांच्या हाती वेगवेगळी कणसे द्यावीत, आणि सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडून झाल्यावरच टाळ्यांच्या खेळाकडे वळावे. कणसे मात्र वेळेवर सांगून ठेवावी लागतात. सोलापूर जिल्ह्यात सूर्यफुलाची शेते पूर्वीइतकी राहिलेली नाहीत, त्यामुळे ओळखीच्या शेतकऱ्याला बी भरण्याच्या सुमारास आठवण करून दिलेली बरी.