क्वीनची ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, सात इंची तबकडी : काही महिने वाजवल्यानंतर

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं हे गाणं कसं आहे हे सांगायला हा लेख नाही. ते तुम्हाला पाठ असणार. मला बोलायचंय ते या तबकडीच्या शेवटच्या दीड-पावणेदोन मिनिटांबद्दल. ऑपेराचा भाग संपून चार मिनिटं सात सेकंदांच्या आसपास बँडच्या ब्रायन मेची गिटार सगळ्या ताकदीनिशी घुसते, आणि माझ्याकडे नेमका तिथेच आवाज फाटायचा. झांजा फुटायच्या, गायक फ्रेडी मर्क्युरीच्या ‘स’ला काच घासल्यासारखी धार यायची. आधीची चार मिनिटं मात्र स्वच्छ.

तबकडी मूळ ब्रिटिश आहे, ईएमआय या रेकॉर्ड कंपनीची, क्रमांक 2375, ऑक्टोबर 1975 ची. जुन्या रेकॉर्डवाल्याकडून बाराशे रुपयांत घेतली. आवाज फाटायला लागल्यावर रेकॉर्ड प्लेअर पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला नेला. त्यांनी कार्ट्रिज (ज्यात सुई बसते तो भाग) बदललं, बिल लावलं आणि घरी आणून पाहतो तर आवाज आधीपेक्षा वाईट. परत नेला. “जुनी रेकॉर्ड अशीच वाजणार,” एवढं एक वाक्य ऐकवलं आणि त्याचं वेगळं तपासणी शुल्क घेतलं. कार्ट्रिज उघड्या डोळ्यांनी दिसेल इतकं तिरकं बसवलेलं होतं. मी दाखवलं, तरी काउंटरवरच्या माणसाने मान वर केली नाही. पैसे गेल्याचा राग आहेच, पण ज्या वस्तूची दुरुस्ती करतात तिच्याकडे न बघण्याचा राग जास्त आहे.

शेवटी कार्ट्रिजचा कोन तपासायचा कागदी प्रोट्रॅक्टर छापून घेतला, कार्ट्रिज स्वतः सरळ केलं आणि गोल टोकाची सुई काढून लंबगोल टोकाची बसवली. सुईला तबकडीच्या दुपटीहून जास्त पैसे पडले. काटकसरी माणसाला हे झोंबतं, पण फरक पहिल्याच वेळी कानाला कळला. फाटणं निम्म्याहून कमी झालं. पूर्ण मात्र गेलं नाही, आणि ते का जात नाही हे शोधताना या रेकॉर्डकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली.

हिशेब सोपा आहे. गाणं 5 मिनिटं 55 सेकंदांचं, तबकडीचा वेग मिनिटाला 45 फेरे. म्हणजे एका बाजूवर साधारण 266 फेरे. तीन मिनिटांच्या नेहमीच्या गाण्याला 135 पुरतात. जागा दोघांना सारखीच, तीन सेंटीमीटरच्या आसपासचा पट्टा. दुप्पट फेरे बसवायचे तर चऱ्या, म्हणजे सुई ज्यातून जाते त्या खाचा, एकमेकींना चिकटवून कापाव्या लागतात, आणि शेजारची चरी फुटू नये म्हणून आवाजाची पातळी खाली ठेवावी लागते. दुसरी अडचण वेगाची. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला जवळपास 40 सेंटीमीटर चरी सरकते, लेबलजवळ येईपर्यंत ते 25-26 वर येतं. तेवढाच आवाज कमी लांबीत कोंबला जातो आणि सुईला ती वळणं नीट गिरवता येत नाहीत. आता गाण्याची रचना आठवा. सुरुवातीला नुसते गळे, मग पियानो, मग एकट्याने गिटार, मग ऑपेरा आणि सगळ्यात दणदणीत भाग लेबलच्या कुशीत. तबकडी जिथे सगळ्यात दुबळी, तिथेच गाणं सगळ्यात जड.

खात्री करायची असेल तर तबकडी उलटा. दुसऱ्या बाजूला क्वीनचा ड्रमर रॉजर टेलर याचं ‘आय अ‍ॅम इन लव्ह विथ माय कार’ आहे, तीन मिनिटांच्या जरासं पुढे जाणारं. तीच तबकडी, तीच सुई, आणि आवाज भरदार, मोकळा. शेवटी त्याच्या अल्फा रोमिओचं इंजिन गुरगुरतं तेही ठसठशीत. ही बाजू मिळावी म्हणून टेलर कपाटात कोंडून बसला होता असं सांगतात. हट्ट फळाला आला, कारण सिंगल, म्हणजे अशी दोन गाण्यांची छोटी तबकडी, विकली की दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखाच पैसा मिळतो. माझ्यासाठी ही बाजू म्हणजे प्लेअर तपासायची पट्टी झाली आहे.

पहिल्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, सिंगल सोडा, हे गाणं ज्यात आहे त्या ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ अल्बमची मोठी तबकडी (एलपी) घ्या. आता तसं सांगणार नाही. मित्राकडची एलपी आणून वाजवली. तिच्यातही हे गाणं दुसऱ्या बाजूच्या अखेरीलाच आहे, त्यानंतर फक्त छोटंसं ‘गॉड सेव्ह द क्वीन’. म्हणजे पुन्हा आतल्या चऱ्या, आणि वेग मिनिटाला 33⅓ फेरे. माझ्या कानाला गिटारचा भाग सिंगलवर एलपीपेक्षा अधिक अंगावर येणारा वाटतो. नुसत्या या गाण्यासाठी एलपीचे चौपट पैसे घालू नका.

ही लांबी कापून टाका म्हणून त्या वेळी सगळे मागे लागले होते. सहा मिनिटांचं गाणं रेडिओ लावणार नाही, हे ईएमआयचं म्हणणं. बँडने एक सेकंदही काढू दिला नाही. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरचा निवेदक केनी एव्हरेट याने शनिवार-रविवारात ते चौदा वेळा वाजवलं आणि दुकानांत लोक बाजारात न आलेली रेकॉर्ड मागायला लागले. नऊ आठवडे ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिलं. जानेवारी 1976 संपेपर्यंत दहा लाखांवर प्रती गेल्या होत्या, म्हणून तर मला मूळ प्रत बाराशेत मिळाली. त्यांनी तेव्हा तीन मिनिटांची आवृत्ती मान्य केली असती तर माझ्या सुईला काहीच त्रास झाला नसता, आणि मला ही तबकडी घ्यावीशीही वाटली नसती.

ऑपेराचा भाग मी आता सगळ्यात लक्ष देऊन ऐकतो. तिथली थोडी खरखर तबकडीची नाहीच, ती मूळ टेपची असावी असं माझं मत झालं आहे, कारण मोबाइलवर हेडफोन लावूनही ते गळे किंचित धुरकट लागतात. वेल्समधल्या रॉकफिल्ड स्टुडिओत ऑगस्ट 1975 मध्ये काम सुरू झालं, मग आणखी चार स्टुडिओ झाले. निर्माता रॉय थॉमस बेकर आणि बँड यांनी ऑपेरासाठी टेपचा छोटासा तुकडा मोकळा सोडला होता. फ्रेडी रोज गाण्यात ‘गॅलिलिओ’ या शब्दाची नवी भर घेऊन यायचा आणि बेकर टेप वाढवत जायचा. तीन आठवडे त्या एका भागात गेले. गाणारे तिघेच : फ्रेडी, मे आणि टेलर. बेस गिटार वाजवणारा जॉन डीकन त्यात नाही. दिवसाचे दहा-बारा तास तेच तिघे गायचे, ते थर एकत्र करून दुसऱ्या ट्रॅकवर उतरवायचे, की पुढच्या थरांना जागा. गळ्यांचे थर 180 पर्यंत गेल्याचं सांगितलं जातं. प्रत्येक उतरवणीत थोडी सळसळ वाढतेच. टेप यंत्रातून इतक्या वेळा गेली, की तिच्यावरचा लेप झिजून उजेडासमोर धरल्यावर पलीकडचं दिसायचं. चोवीस ट्रॅकच्या यंत्रावर, हाताने तुकडे जोडून हे उभं केलंय. टेलरचा तो वरचा सूर ऐकताना मला दर वेळी या कष्टांबद्दल आदर वाटतो.

आमच्या वाईतून पसरणीचा घाट चढला की पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत झांजिबारहून आलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा, म्हणजेच पुढचा फ्रेडी, वयाच्या आठव्या वर्षापासून वाढला, पियानो शिकला, आणि 1958 मध्ये मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. ऑपेराच्या गदारोळात ‘बिस्मिल्ला’ येतं तेव्हा मला झांजिबार आठवतं, पियानो एकटा वाजतो तेव्हा पाचगणी. गाण्याच्या अर्थाबद्दल फ्रेडीने कधी नीट सांगितलं नाही, तेव्हा हे माझं माझं ऐकणं. पण घाटाखाली राहणाऱ्याला एवढा हक्क आहे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. 24 नोव्हेंबर 1991 ला फ्रेडी गेला, डिसेंबरात सिंगल पुन्हा निघाली आणि पुन्हा पाच आठवडे पहिली. त्याची कमाई एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला गेली. 1991 च्या त्या प्रतीही बाजारात दिसतात. विक्रेता ‘ओरिजिनल’ म्हणत असेल तर उलटून बघा : 1975 च्या प्रतीवर टेलरचं मोटारीचं गाणं हवं, 1991 च्या प्रतीवर ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ असतं. 1978 मध्ये ईएमआयने निळ्या रंगाच्या 200 क्रमांकित प्रती काढल्या होत्या. बाराशेत निळी प्रत मिळतेय असं कुणी सांगितलं तर पैसे काढू नका.

घेणाऱ्यांसाठी एवढंच. वरवरचे ओरखडे चालतात, ते टिकटिक करून थांबतात. लेबलजवळची दीड सेंटीमीटर जागा उजेडात तिरपी धरा. तिथे काळा रंग राखाडी पडला असेल तर आधीच्या मालकाने जड सुईने ती खरवडलेली आहे, आणि तो आवाज कुठल्याही सुईने परत येत नाही. दुकानात वाजवायला दिली तर सुरुवातीचे गळे ऐकून खूश होऊ नका, सुई थेट शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवायला सांगा. गिटारचा भाग थोडा दाटलेला वाटेल, तो तसाच असतो. त्यानंतर पियानो मंदावतो, आणि अगदी शेवटी टेलरची घंटा (गाँग) वाजते. ती खरखरीतून वेगळी ऐकू आली तर घासाघीस करून घ्या. माझ्या प्रतीत ती ऐकू येते.