विमानाचा पाचवा 'तिसरा हिस्सा'

सातबारा न बघता जमीन घेणाऱ्याला आपण वेड्यात काढतो. मी डॅलसजवळच्या एका छोट्या धावपट्टीवर नेमकं तेच केलं, फक्त जमिनीच्या जागी विमान होतं.

विमान म्हणजे स्टीन स्कायबोल्ट, दोन सीटचं, घरी बांधलेलं बायप्लेन, म्हणजे एकावर एक पंखांच्या दोन जोड्या असलेलं. डेन्व्हरचे शिक्षक लमार स्टीन यांचं हे डिझाइन १९७० मध्ये पहिल्यांदा उडालं. स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख, वर ताणून रंगवलेलं कापड. विकणाऱ्यानं पहिल्याच भेटीत पुढच्या सीटवर बसवून लूप, म्हणजे हवेत उभा गोल, मारून दाखवला. शेतं डोक्यावर आली, पोटात गोळा आला, आणि उतरल्यावरही माझी अक्कल काही वरून खाली आली नाही.

"तिघांत विमान, तुमचा तिसरा हिस्सा १४,००० डॉलर." साध्या कागदावर सह्या झाल्या. बायको म्हणाली, "नावावर कुणाच्या आहे ते तरी बघ." मी तिला कापडी पंखांचं कौतुक ऐकवत बसलो.

पुढचे सात महिने विमान मागितलं की ते कायम 'दुसऱ्या पार्टनरकडे'. वार्षिक तपासणीचा खर्च वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा मी स्वतः एक मेकॅनिक गाठला. लॉगबुक चाळता चाळता तो गप्पच झाला.

मागच्या दोन तपासण्यांवर विकणाऱ्याचीच सही होती. स्वतः बांधलेल्या विमानाची तपासणी करून सही करायचा परवाना बांधणाऱ्यालाच मिळतो, विमानाबरोबर तो विकला जात नाही. यानं तर विमान तयारच घेतलेलं. त्याहून कडू म्हणजे, अशा विमानाला चाचणी उड्डाणांत करून लॉगबुकात नोंदलेल्या कसरतीच पुढे करता येतात, आणि इथे एकीचीही नोंद नव्हती. ज्या लूपवर मी भाळलो, तोच कागदोपत्री बंद!

मग एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या, ओक्लाहोमा सिटीतल्या नोंदणीकडे वळलो. विमानावरचा एन-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, ऑनलाइन टाकला की मालकाचं नाव सहसा फुकट दिसतं. किरकोळ फी भरली की खरेदीखतं, बोजा, सगळी फाइल हातात येते. माझं नाव कुठेच नव्हतं. बँकेचा बोजा मात्र होता. धावपट्टीवर विचारपूस करत बाकीचे पार्टनर शोधले, तर आम्ही पाच जण निघालो, प्रत्येकाकडे 'तिसरा हिस्सा'. मी शेवटचा.

वकिलाच्या पत्रानंतर ३,००० डॉलर परत आले, त्यातले बरेचसे वकिलालाच गेले. हिस्सा घेणार असाल तर खरेदीखतावर आणि नोंदणीच्या अर्जावर स्वतःचं नाव चढल्याशिवाय पैसे सोडू नका. मेकॅनिक तुमचा असू द्या, विकणाऱ्याचा नको. पंखातली लाकडी तुळई त्याला आतून बघायला लावा, कापडाखालची चीर बाहेरून दिसत नाही.

परवा कळलं, हँगरचं, म्हणजे विमान ठेवायच्या शेडचं, भाडंही थकलंय. हँगरवाल्यानं दाराला स्वतःचं कुलूप घातलंय. म्हणजे वाटेकरी आता सहा, बँक धरून सात.