नव्या समनरची सवय झाली, पण ढालीच्या बटणाचं दुखणं कायम

फायनल फँटसी 14 या ऑनलाइन खेळात समनर हा जॉब (साथीदार बोलावून लढणारं पात्र) खेळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, पण ज्या एका बटणापायी मी लिहायला बसलोय त्याचं नाव रेडियंट ईजिस. स्वतःवर घ्यायची ढाल. आपल्या एकूण एचपीच्या (जीवशक्तीच्या) वीस टक्के मार झेलते, तीस सेकंद टिकते, लेव्हल 88 ला दुसरा चार्ज मिळतो, म्हणजे लागोपाठ दोनदा वापरता येते. उत्तम क्षमता आहे. पण ही ढाल समनर टाकत नाही, त्याचा छोटा सोबती प्राणी कार्बंकल टाकतो. बहामुत किंवा फिनिक्स हा मोठा साथीदार बोलावला की कार्बंकल मैदानातून जातो आणि पुढचे पंधरा सेकंद ते बटण करडं पडून राहतं. हे दर मिनिटाला होतं.

परवा बॉसचा मोठा हल्ला नेमका बहामुत उभा असताना आला. आमचा हीलर (पार्टीच्या जखमा भरणारा) कोल्हापूरचा. तो माइकवर ओरडतोय, "ढाल टाक की लेका!" टाकू कुठून? मी गेलो, मला उठवण्यात त्याचा वेळ गेला, पुढच्या हल्ल्यात टँक (बॉसचा मार अंगावर घेणारा) गेला आणि सगळी फाइट पहिल्यापासून. राग डोक्यात होता म्हणून लिहायला घेतलं, पण बाकीच्या बदलांबद्दलही बोललं पाहिजे, कारण त्यांच्याविषयी माझं मत बरंच फिरलंय.

मी समनर शिकलो तो शॅडोब्रिंगर्स या एक्स्पान्शनमध्ये, म्हणजे 2019 चा. तेव्हा बायो आणि मियाझ्मा हे दोन डॉट (हळूहळू मार देत राहणारे स्पेल) शत्रूवर सतत चालू ठेवावे लागायचे, दोन्ही तीस सेकंदांचे. ते अंगावर असतील तरच फेस्टर हा हल्ला जोरात लागायचा. त्यात इगीला (छोट्या साथीदाराला) हुकूम सोडा, दोन्ही डॉट एकदम लावणारा ट्राय-डिझास्टर कधी मोकळा होतोय ते बघा, ट्रान्स या जोर वाढवणाऱ्या अवस्थेची वेळ साधा, आणि बहामुत आला की भराभर स्पेल टाका, कारण तुम्ही टाकलेल्या प्रत्येक स्पेलमागे तो एक फटका मारायचा. एकाच वेळी चार शेगड्या सांभाळण्यासारखं होतं ते. शिकायला मला फार वेळ लागला आणि एकदा हात बसल्यावर त्यातली मजा दुसऱ्या कुठल्याच जॉबमध्ये येईना.

डिसेंबर 2021 मध्ये एंडवॉकर हे पुढचं एक्स्पान्शन आलं आणि यातलं जवळपास सगळं काढून टाकलं. डॉट गेले, इगींचे हुकूम गेले. हॉटबारवर (स्क्रीनवरच्या बटणांच्या पट्टीवर) इतकी जागा रिकामी झाली की पहिल्या दिवशी काहीतरी लोड व्हायचं राहिलंय असं वाटलं. एंडवॉकरमध्ये बहामुत पंधरा सेकंद, मग टायटन, गरुडा आणि इफ्रित हे तीन साथीदार हव्या त्या क्रमाने, मग फिनिक्स, पुन्हा तेच तिघे. हे तर डोळे झाकून खेळता येईल, असं तेव्हा मी सगळ्यांना सांगत होतो आणि सुरुवातीच्या डंजनमध्ये ते खरंही होतं.

मत बदलायला लागलं ते पिंगमुळे, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेमुळे. या खेळाचा सर्व्हर भारतात नाही. माझं पिंग चांगल्या दिवशीसुद्धा दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास असतं. जुन्या समनरमध्ये दोन स्पेलच्या मधल्या फटीत दोन-दोन क्षमता बसवाव्या लागायच्या. आपल्या पिंगवर दुसरी क्षमता उशिरा सुटते आणि पुढचा स्पेल मागे ढकलला जातो. म्हणजे जे टोकियोत किंवा फ्रँकफर्टमध्ये बसलेल्याला जमतं ते मला कितीही सराव केला तरी पूर्ण जमणार नव्हतं. नव्या समनरमध्ये फटीत बहुतेक वेळा एकच बटण असतं आणि बरेचसे स्पेल दाबताक्षणी सुटतात. पहिल्यांदाच माझं नुकसान माझ्या हातामुळे व्हायला लागलं, इंटरनेटमुळे नाही. भारतातून खेळणाऱ्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचं श्रेय या बदलाला द्यायलाच हवं.

खरी कसोटी कुठे आहे ते अवघड रेडमध्ये (मोठ्या गटाने लढायच्या बॉसफाइटमध्ये) गेल्यावर कळलं. टायटनचे चारही स्पेल धावता धावता मारता येतात, त्यामुळे बॉस पळवणार असेल तेव्हा टायटन. इफ्रितचे दोन कास्ट (वेळ लावून टाकायचे स्पेल) जवळजवळ तीन-तीन सेकंदांचे, उभं राहूनच मारायचे. त्याचा क्रिमसन सायक्लोन तर आपल्याला थेट बॉसच्या अंगावर नेऊन सोडतो. बॉसभोवती आग असेल तर आपण त्या आगीत. गरुडाचे छोटे स्पेल झटपट सुटतात, पण स्लिपस्ट्रीम तीन सेकंदांचा आहे. तो स्विफ्टकास्ट (पुढचा स्पेल झटपट सोडणारं बटण) लावून लगेच सोडायचा, की स्विफ्टकास्ट कोणी पडलं तर उठवायला राखून ठेवायचा? नवी फाइट असेल तर मी राखून ठेवतो आणि स्लिपस्ट्रीम उभं राहून टाकतो. कास्टच्या शेवटच्या अर्ध्या सेकंदात पाय हलवला तरी तो तुटत नाही, तेवढं अंगवळणी पडलं की पुरतं. पार्टी मुरलेली असेल तर स्विफ्टकास्ट बिनधास्त वापरतो. कुठल्या क्षणी कोणाला बोलवायचं हे फाइट पाठ असल्याशिवाय ठरत नाही. डॉट सांभाळताना मी स्क्रीनवरचे टायमर बघायचो, आता बॉसकडे बघतो.

म्हणूनच ढालीचं जास्त लागतं. फिनिक्सच्या वेळी निदान एव्हरलास्टिंग फ्लाइटने सगळ्यांची तब्येत भरत राहते. 2024 मध्ये डॉनट्रेल या एक्स्पान्शनने सोलर बहामुत दिला आणि त्याच्यासोबत लक्स सोलारिस हे हीलही दिलं. म्हणजे त्या पंधरा सेकंदांत समनरला आधार लागतो हे बनवणाऱ्यांना पटलेलं आहे. मग ढाल कार्बंकलच्या गळ्यात का ठेवली? साध्या बहामुतच्या वेळी आजही हात बांधलेले. मी काढलेला तोडगा असा: मोठा हल्ला बहामुतच्या वेळात येणार हे माहीत असेल तर बोलावण्याच्या एक स्पेल आधी ढाल घ्यायची. तीस सेकंद टिकते, त्यामुळे पुरते. पण पाठ नसलेल्या फाइटमध्ये हे कसं सुचणार?

मार्च 2025 मध्ये 7.2 या अपडेटने ब्लॅक मेज या जॉबचा आग-बर्फाचा टायमर काढला, तेव्हा ओळखीतले दोघे-तिघे जॉब सोडायला निघाले होते. त्यांना मी एवढंच सांगितलं की आधी हॉटबार पूर्ण रिकामा करा आणि बटणं नव्याने लावा. जुन्या जागी नवी बटणं ठेवली की बोटं जुनंच रोटेशन (बटणांचा क्रम) शोधत राहतात. मी टायटन, गरुडा, इफ्रित शेजारी-शेजारी आणल्यावर आठवड्याभरात हात सुटला होता.

पैशांचं थोडं. ऑक्टोबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेचा ऑटो-डेबिटचा नियम लागू झाल्यापासून माझ्या बँकेचं कार्ड दर महिन्याला आपोआप चालत नाही, त्यामुळे मी हाताने पैसे भरतो. त्याचा फायदाच होतो, ज्या महिन्यात खेळणार नाही त्या महिन्यात भरत नाही. 12.99 डॉलरचा एंट्री प्लॅन पुरतो, एका वर्ल्डवर (सर्व्हरवर) एकापेक्षा जास्त कॅरेक्टर हवेत कशाला? समनरसोबत स्कॉलरची लेव्हलही फुकटात वाढते, कारण दोघांचा मूळ क्लास आर्केनिस्टच.

नव्याने येणाऱ्यांनी तर आधी एक पैसाही भरू नये. ऑक्टोबर 2023 पासून फ्री ट्रायल लेव्हल 70 पर्यंत चालते आणि बहामुत बरोबर सत्तरलाच मिळतो, म्हणजे या जॉबचा गाभा फुकटात खेळून होतो. तिथवर पोहोचल्याशिवाय विकत घ्यायची घाई करू नका, कारण खातं एकदा पूर्ण खेळावर नेलं की ते पुन्हा ट्रायलवर आणता येत नाही.