रेडिएशन विभाग: डॉक्टरांना पाच तारे, निरोप देणाऱ्यांना दोन

नाशकातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात रेडिएशन घेतलं, त्याचा हा रिव्ह्यू. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि तिथली पोरं मनापासून काम करतात.

माझी केस थोडक्यात: वय साठीच्या पुढे, डाव्या स्तनात जेमतेम दीड सेंटिमीटरची कॅन्सरची गाठ, काखेत काही नाही, ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारी), हर-टू या प्रथिनासाठी निगेटिव्ह. सर्जन म्हणाले, गाठ काढू, स्तन ठेवू, मग रेडिएशन. नणंदबाईंचं मात्र एकच, ‘‘सगळंच काढून टाक, कटकट नको.’’ त्यांना सर्जननीच समोर बसवून सांगितलं, की गाठ काढून रेडिएशन दिलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारखीच वर्षं जगतात. अमेरिकेतले सर्जन बर्नार्ड फिशर यांनी २० वर्षं पाठपुरावा करून २००२ मध्ये ते छापलंय. नणंदबाई गप्प बसल्या. हे फार क्वचित घडतं.

मी विमा कार्यालयातून निवृत्त झालेली बाई. बारीक अक्षरातलं वाचल्याशिवाय सही करत नाही. त्यात भाची नेदरलँड्समध्ये. तिने तिकडे रुग्णांवर नवा उपचार तपासून पाहणाऱ्या एका चाचणीचा कागद पाठवला, नाव ॲब्लेटिव्ह. त्यात ऑपरेशनच्या आधीच, एकाच बैठकीत गाठीवर २० ग्रेचा (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप) डोस देतात आणि ऑपरेशन काही महिन्यांनी करतात. वाचून मला वाटलं, गाठ आत आहे, एमआरआयवर स्पष्ट दिसतेय, तर आत्ताच नेम धरून मारा की! काढून टाकल्यावर कशावर नेम धरणार?

ऑपरेशनच्या आधीच रेडिएशनच्या डॉक्टर मॅडमची वेळ घेतली आणि हे असंच विचारलं. दुसरी कोणी असती तर ‘‘इंटरनेटवर वाचू नका’’ म्हणाली असती. यांनी केसपेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने दोन वर्तुळं काढली. पहिल्यात गाठ, भोवती पातळ कडा. दुसऱ्यात गाठ काढल्यावरची पोकळी, वेडीवाकडी आणि जास्त पसरलेली. ‘‘तुमचा मुद्दा बरोबर आहे. आधी दिलं तर कमी भागावर मारा करावा लागतो. नंतर त्या जागी पाणी साठतं, पोकळी आक्रसते, म्हणून सर्जन आत टायटॅनियमच्या बारीक क्लिपा लावून ठेवतात. आम्ही त्यावरून जागा ओळखतो.’’

मग दुसरी बाजू. ऑपरेशन आधी झालं की गाठीचा खरा आकार, कडा, काखेतल्या ग्रंथी, सगळं न बिघडता पॅथॉलॉजीकडे जातं आणि केमो लागणार की नाही हे त्यावर ठरतं. आधी रेडिएशन दिलं तर ते चित्र पुसट होतं. शिवाय रेडिएशन झालेल्या जागी कापलं तर जखम भरायला त्रास होऊ शकतो. भाचीच्या कागदातले आकडे त्यांनीच मला वाचायला लावले: ३६ बायका, त्यातल्या १५ जणींच्या गाठीत ऑपरेशनच्या वेळी कॅन्सर उरला नव्हता. मी म्हटलं, म्हणजे २१ जणींच्यात उरला होता. मॅडम म्हणाल्या, ‘‘म्हणून ऑपरेशन टळत नाही.’’ सुरुवातीच्या स्टेजला हे अजून चाचण्यांपुरतंच आहे, कापता न येणाऱ्या मोठ्या गाठींना कधी आधी देतात, तो प्रश्न वेगळा. उद्या कुणी तुम्हाला ‘आधी रेडिएशन’चं पॅकेज दाखवलं तर चाचणीचं संमतिपत्रक मागा.

या एका भेटीला पाच तारे.

ऑपरेशननंतर १५ बैठकांचा कोर्स ठरला, ४० ग्रे. आठवड्यात पाच बैठकांत २६ ग्रे देऊन संपवण्याचीही पद्धत आहे. ब्रिटनच्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीत ४०००हून जास्त रुग्णांवर ती तपासून २०२० मध्ये छापली. तीही विचारली. मॅडमनी माझ्या बाबतीत १५ का, ते सांगितलं, मला पटलं.

आता मशीनची खोली. थंडी मरणाची, शाल नेली तरी आत चालत नाही. हात डोक्यावर घेऊन खाचेत ठेवायचा. ऑपरेशनच्या बाजूचा खांदा सुरुवातीला ठणकतो, म्हणून घरी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम आधीच सुरू करा. डावी बाजू असल्यामुळे श्वास रोखून रेडिएशन: छाती फुगली की हृदय मागे सरकतं. समोरच्या छोट्या पडद्यावर पट्टी असते, श्वास घेत ती हिरव्या रेघांमध्ये आणायची. स्पीकरवरून टेक्निशियन मुलगी, ‘‘काकू, घ्या... अजून थोडा... बास, धरा.’’ मशीन घुर्र करतं, ‘‘सोडा.’’ दुखत काहीच नाही. अंगावरच्या शाईच्या खुणा मात्र सांभाळाव्या लागतात, साबण घासला की संपलं. शेवटाकडे कातडी लाल-काळी झाली, सुती बनियन सोडून काही सहन होईना. दुपारी झोप अनावर. एवढंच.

तक्रारी. गाऊनला नाड्या नाहीत, दोन हातांनी पुढून धरून बायका बाकावर बसलेल्या आणि समोरून वॉर्डबॉय ये-जा करतोय. पडदा लावायला किती खर्च येतो? बिलात प्लॅनिंगचे पैसे वेगळे, ते सुरुवातीच्या अंदाजात नव्हते. फुले योजनेतल्या रुग्णांसाठी आरोग्यमित्र काउंटरवर असतो, तो माणूस चांगला, पण जेवायला गेला की मागे कोणी नाही.

आणि सगळ्यात मोठी तक्रार: मशीन बंद पडलं तर कळवत नाहीत. मी रिक्षाने घरी आले, माझं काय बिघडलं? पण सुरगाण्याहून पहाटेची एसटी धरून आलेली बाई, सोबत शाळा बुडवून आलेला नातू, त्यांना अकरा वाजता ‘‘उद्या या’’. मोबाइल नंबर प्रत्येकाचा लिहून घेतलेला आहे. बंद असेल त्या सकाळी सगळ्यांना एक मेसेज जायला लागला, की मी हा रिव्ह्यू दुरुस्त करून पाचही तारे देईन. तोवर एकूण चार.