नाना पेठेतून जुनी आरएक्स उभी करताना

एका दुकानाचा रिव्ह्यू लिहून इथे उपयोग नाही. पुण्यातल्या नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या या बाजारात, चांगला पिस्टन एकाच्या कपाटात असतो, ऑइल सील त्याच्या शेजाऱ्याकडे आणि क्रँक (पिस्टनच्या धक्क्याने फिरणारा दांडा) प्रेस करणारा दोन गल्ल्या सोडून. म्हणून सगळ्या बाजाराकडे एकच दुकान म्हणून पाहिलं आहे. गाडी टू-स्ट्रोक यामाहा आरएक्स १०० धरली आहे, कारण १९८५ ते १९९६ या काळातल्या या गाड्यांपैकी बऱ्याच पुढे मडगार्ड, इंडिकेटर काढून मातीत पळवल्या गेल्या. आज पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली सापडते ती बहुधा अशीच उघडी, इंजिन सीझ (जाम) झालेली असते.

निकाल आधीच सांगतो. पिस्टन, रिंग, क्लच प्लेटा, केबल, ब्रेक शू यांसाठी नाना पेठेसारखी जागा नाही. ‘पूर्ण ब्लॉक किट’ आणि ‘नवीन कार्ब्युरेटर’ या दोन गोष्टी मात्र काउंटरवर कितीही चमकल्या तरी तिथेच ठेवून या.

ब्लॉक किटचं आकर्षण उघड आहे. ब्लॉक (म्हणजे सिलिंडर), पिस्टन, रिंग, पिन, सर्क्लिप (पिन जागेवर धरणारी तारेची कडी) असं सगळं एका खोक्यात मिळतं; सिलिंडर आतून कातून देणाऱ्या बोअरिंगवाल्याच्या खेपा वाचतात. पण आरएक्सचा सिलिंडर म्हणजे ॲल्युमिनियमच्या पंख्यांत (थंड ठेवणाऱ्या पातळ पात्यांत) बसवलेला बिडाचा लायनर. या दोन धातूंचा संपर्क घट्ट नसेल तर लायनरची उष्णता पंख्यांपर्यंत पोचतच नाही. सपाट रस्त्यावर ते कळत नाही. दिवे घाटात दुसऱ्या गिअरवर, कमी वारा आणि जास्त थ्रॉटल अशा अवस्थेत पाच मिनिटं गेली की पिस्टन फुगतो आणि चाक अडकतं. स्वस्त किटमध्ये दुसरी गोची पोर्टची असते. लायनरमधल्या खिडक्या आणि बाहेरच्या कास्टिंगमधल्या वाटा जुळत नाहीत, मध्ये पायरी राहते. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड डावीकडे एक, उजवीकडे वेगळी. ब्लॉक उलटा करून खालून बॅटरीचा उजेड टाका, मग दुकानदाराशी वाद घालायची गरज उरत नाही.

त्यापेक्षा मूळ ब्लॉक बोअर करून घ्या. आरएक्सचा बोअर ५० मिमी आणि स्ट्रोकही ५० मिमी, म्हणजे ९८ सीसी. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० अशा पायऱ्यांनी मिळतात. शेवटच्या पायरीला सीसी जेमतेम १०२ होते, त्यामुळे ‘मोठा बोअर टाका, ताकद वाढेल’ हे काउंटरवरचं वाक्य कानाआड करा. ओव्हरसाइज हा झीज काढण्याचा उपाय आहे. जेवढ्यात ओरखडे आणि लंबगोलपणा जातो, तेवढीच पायरी घ्यायची आणि पुढच्या पायऱ्या शिल्लक ठेवायच्या.

क्रम चुकवू नका: आधी पिस्टन विकत घ्यायचा, मग तो घेऊन बोअरिंगला जायचं. डब्यावर ५०.५० छापलेलं असलं तरी तो आकडा बोअरचा असतो. पिस्टन स्वतः थोडा लहान असतो आणि कंपनीगणिक फरक पडतो. मायक्रोमीटरने पिस्टनच्या खालच्या कडेपासून साधारण १० मिमी वर, पिनच्या काटकोनात माप घ्यायचं. त्या मापापेक्षा बोअर ०.०४ मिमीच्या आसपास मोठा हवा. बोअरिंगवाला ‘हाताने बसवून बघतो, बरोबर सरकतोय’ म्हणाला तर ब्लॉक परत घ्या. केसाची जाडी या फटीपेक्षा जास्त असते, ती बोटाला कळत नाही. बोअर गेज असलेले कारागीर या भागात आहेत. दुकानात शिरताना भिंतीवरचे फोटो बघण्यापेक्षा टेबलावरची मोजमापाची हत्यारं बघावीत.

बोअरिंगनंतर हमखास राहणारं काम म्हणजे पोर्टच्या कडा. कटर पोर्टवरून जातो तेव्हा कड सुरीसारखी धारदार होते आणि मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्यांना रिंग त्या कडेवर आपटते. बारीक गोल कानसेने किंवा पॉलिश पेपरने प्रत्येक खिडकीची कड साधारण अर्धा मिमी मोडायची. हे ‘चॅम्फर’ तोंडाने सांगितल्याशिवाय कुणी करत नाही. सांगूनही घरी येऊन तपासा. मग ब्लॉक गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने ब्रश लावून धुवायचा. होनिंगची (बोअर शेवटी घासण्याची) पूड डिझेलने निघत नाही, फक्त पसरते. पांढरा कपडा बोअरमध्ये फिरवून पांढराच बाहेर आला की लगेच टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाच्या) ऑइलचा हात द्यायचा, नाहीतर पुण्याच्या पावसाळी हवेत तासाभरात गंज धरतो.

रिंग एकटी बोअरमध्ये घालून पिस्टनने सरळ खाली ढकला आणि तोंडांमधली फट फिलर गेजने मोजा. ०.२ ते ०.३ मिमी ठीक. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे आणि रिंगची तोंडं खाचेतल्या पिनवरच यायला हवीत. पिन चुकवून ब्लॉक दाबला की रिंग पोर्टमध्ये तुटते आणि पहिल्याच किकला तो आवाज ऐकू येतो. सर्क्लिप जुनी वापरू नये. ती कवडीमोल असते आणि निघाली की सगळा ब्लॉक घेऊन जाते.

क्रँककडे वळू. कनेक्टिंग रॉड किट नाना पेठेत सहज मिळतं, दोन-तीन दर्जांमध्ये. नामांकित कंपनीचंच घ्या, कारण इथे घासाघीस करून वाचवलेले पैसे रॉडच्या सुयांचं बेअरिंग परत मागतं. पण किटपेक्षा प्रेस करणारा महत्त्वाचा. जुनी पिन काढून नवी बसवल्यावर दोन्ही फ्लायव्हील एका रेषेत यायला हवेत. ते पितळी हातोड्याने ठोकून, व्ही ब्लॉक आणि डायल गेजवर फिरवून साधतात. शाफ्टचं रनआउट (फिरतानाचं डोलणं) ०.०३ मिमीच्या आत मागा आणि सुई तुमच्यासमोर फिरवून दाखवायला सांगा. रॉडच्या मोठ्या टोकाची बाजूची फट ०.२ ते ०.७ मिमी. ‘डायल कशाला, डोळ्याला कळतं’ असं ऐकलंत तर क्रँक उचला. वाकडा क्रँक आधी हँडलला मुंग्या आणतो आणि नंतर सील खातो.

सील हा या बाजाराचा सर्वांत कच्चा दुवा, आणि टू-स्ट्रोकमध्ये तोच सर्वांत महागात पडणारा. या इंजिनात क्रँककेस हाच पंप आहे. मॅग्नेटच्या बाजूचा सील गळला तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टनला भोक पडतं. क्लचच्या बाजूचा गळला तर गिअर ऑइल जळतं आणि पांढरा धूर थांबत नाही. दोन्ही वेळा लोक कार्ब्युरेटर सोडवत बसतात. किटमधले सुटे, नाव नसलेले सील घेऊ नका. मापाचा आकडा आणि कंपनीचं नाव रबरावर उठवलेलं हवं. क्रँकची बेअरिंग सी-३ फटीची (आत जास्त मोकळीक असलेली) मागायची, साधी नाही. क्रँक तापला की साधी बेअरिंग आवळते. बेअरिंग अधिकृत डीलरकडूनच, बिलासकट घ्या. खोक्यापेक्षा बेअरिंगच्या कडेवरची कोरीव अक्षरं बघा. पुसट आणि वाकडी असतील तर पुढचं दुकान.

बसवताना ठोकाठोक नको. केस ओव्हनमध्ये १०० अंशांच्या आसपास तापवायचा, बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची, मग ती स्वतःच्या वजनाने बसते. स्वयंपाकाच्या ओव्हनला पेट्रोलचा वास लागला तर त्याची जबाबदारी तुमची.

इंजिन जुळल्यावर गाडीत चढवण्याआधी हवेची चाचणी करा. याचं हत्यार नाना पेठेत मिळत नाही, सर्जिकलच्या दुकानात मिळतं. बीपी मोजायच्या डायलच्या यंत्राचा फुगा आणि डायल पुरतात. एक्झॉस्ट रबरी बुचाने बंद करा, इनटेकच्या रबरात नळी बसवा, स्पार्क प्लग जागेवर, आणि डायलवर पाऱ्याच्या ३०० मिमीपर्यंत हवा भरा. म्हणजे सुमारे ६ पीएसआय. काटा सहा मिनिटं जवळपास तिथेच राहायला हवा. उतरला तर साबणाचं पाणी लावा: सील, क्रँककेसचा मधला जोड, बेस गॅस्केट, इनटेक रबर. फुगे कुठे येतात ते दिसतंच. क्लचच्या बाजूचा सील झाकलेला असतो, तिथे गिअर ऑइल भरायच्या भोकाला फेस लावून बघायचं.

गॅस्केट सेटबद्दल एकच तक्रार, पण मोठी. दोन सेटच्या बेस गॅस्केटची जाडी सारखी नसते. त्यामुळे पिस्टन आणि हेडमधली फट बदलते. टापकीर गल्लीत सोल्डरची तार मिळते, २ मिमीची आणा. प्लगच्या भोकातून पिनच्या रेषेत, बोअरच्या भिंतीला टेकेपर्यंत घालून इंजिन हाताने फिरवा. चेपलेलं टोक व्हर्निअरने १ मिमीच्या आसपास भरलं पाहिजे. पाऊण मिमीच्या खाली आलं तर जाड गॅस्केट शोधा.

कार्ब्युरेटरची नक्कल हुबेहूब दिसते आणि तिथेच संपते. स्लाइड ढिली, सुईचा उतार वेगळा, जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाच्या तुकड्यावर) आकडा एक आणि भोक दुसरं. मूळ मिकुनी कार्ब्युरेटरची बॉडी घासली नसेल तर तीच ठेवा, अल्ट्रासॉनिकमधून काढा, सुई आणि सुईची सीट बदला. ही बॉडी हरवलेली असेल तर जुना बाजार गाठा, रविवारी किंवा बुधवारी. तिथे मूळ मॅग्नेट कव्हर, रीड ब्लॉक (इनटेकमधली पात्यांची झडप), लिव्हर असं भंगारातलं सोनं सापडतं. रीडची स्टीलची पाती उजेडाकडे धरून तडा बघा; टोकाशी ०.३ मिमीपेक्षा जास्त उघडी असतील तर टाकून द्या. नंबर घासलेला क्रँककेस फुकट मिळाला तरी हात लावू नका.

जेटबाबत जुनी कोष्टकं आता जशीच्या तशी चालत नाहीत. पंपावर येणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने तेच जेट ठेवलं तर मिश्रण पातळ पडतं. मेन जेट एक-दोन आकडे वर घेऊन प्लगचा रंग बघत खाली या. त्यातून सायलेन्सरचं बॅफल (आवाज दाबणारा आतला भाग) काढलेलं आणि फिल्टर गायब असेल तर आधी ते दोन्ही परत बसवा, मग जेट. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर फ्लोट बाउल (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) रिकामा करून ठेवा.

टाकीच्या आतल्या गंजाला बोहरी आळीतलं सायट्रिक ॲसिड पुरे: लिटरला ८० ग्रॅमच्या हिशेबाने, काठोकाठ पाणी भरून एक दिवस. मग सोड्याच्या पाण्याने धुवायची, हेअर ड्रायरने वाळवायची आणि लगेच टू-टी ऑइल फिरवायचं. खडे घालून खळखळवणं टाळा, पत्रा पातळ झालेला असतो. त्याच फेरीत एम-६ चे ॲलन बोल्ट घ्या. कव्हरचे मूळ स्क्रू जपानी खाचेचे, साध्या स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी गोल होतात. काढताना इम्पॅक्ट ड्रायव्हरच लागतो.

फ्रेम भोसरीला पावडर कोटिंगला देणार असाल तर देण्याआधी तिच्यावर स्वतःच चिकटपट्टी लावा. स्टिअरिंगच्या कपांच्या जागा, स्विंगआर्मचं भोक, इंजिन माउंटचे टेकू आणि मुख्य म्हणजे चॅसिस नंबर. एकदा ब्लास्टिंग आणि जाड कोट बसला की नंबर वाचता येत नाही, आणि संगम पुलाजवळच्या आरटीओत पेन्सिलने छाप घेताना कागद कोराच येतो. चेनच्या पुढच्या स्प्रॉकेटजवळ केसला जुनं वेल्डिंग आहे का तेही आताच पाहा; मातीत चेन तुटून तिथेच फटका बसतो.

बाजाराच्या वागण्याबद्दल. जुना भाग हातात घेऊन गेलात तर माल पटकन आणि बरोबर मिळतो. नुसतं ‘आरएक्सचं द्या’ म्हणालात तर आरएक्स १३५ चंही पिशवीत पडू शकतं. बिल मागायला लाजू नका. कॉइल, सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा डबा) असे इलेक्ट्रिकचे भाग परत घेत नाहीत, तेव्हा जुना भाग खरंच गेलाय हे आधी तपासा. शनिवारी संध्याकाळी गल्लीत उभं राहायला जागा नसते आणि माप घ्यायला कुणाला वेळ नसतो. मधल्या वारी सकाळी दुकानं उघडताच जावं.

पहिल्या किकला ऑइल पंप काढलेला असेल तर पेट्रोलच्या लिटरला ३५ मिली ऑइल, जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचं. पंप असेल तर नळीतली हवा आधी काढा आणि पहिल्या टाकीत थोडं ऑइल मिसळूनच ठेवा. इंजिन तापेपर्यंत चालवून पूर्ण थंड होऊ द्यायचं, असं तीनदा. तिसऱ्या वेळी थंड इंजिनावर हेडचे नट पुन्हा आवळायचे, मगच गल्लीबाहेर काढायची.